एक घर, चार इयत्ता

जुलै २०२० मध्ये मध्यप्रदेश शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही योजना सुरू केली. साथीमुळे शाळांना कुलुपे लागली होती. तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास घरातील वडील माणसाने थाळी वाजवावी आणि मुलांनी एका कोपऱ्यात अभ्यासास बसावे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. परंतु थाळी एक आणि इयत्ता चार, अशी ज्या घराची स्थिती, तेथील माउलीने थाळी वाजविल्यानंतर पुढे काय करावे? साथ ओसरली, शाळा भरू लागल्या. २०२३ साली पांढुर्णा व सौसर या तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हाही झाला. तो प्रश्न मात्र आहे तेथेच आहे. उन्हाळ्याची सुट्टी, कपाशीच्या वेचणीचे दिवस, एखाद्याचे लांबलेले आजारपण, आणि रोजचा संध्याकाळचा गृहपाठ, या सर्व वेळी घराची शाळा होतेच. आपल्या सीमेवरच्या मुलखात आणखी एक गुंता असतो. थोरला हिंदी माध्यमात, धाकटी मराठी माध्यमात, आणि आजीला दोन्ही पुस्तके सारखीच परकी!

अशा वेळी पालक बहुधा शाळेची नक्कल करू पाहतात. प्रत्येक मुलाचे वेगळे वेळापत्रक भिंतीवर लागते. मुले चार, विषय पाच. म्हणजे वीस पाठ झाले. पाठाला अर्धा तास धरला तरी दहा तास होतात. मग पाणी कोणी भरावे, भाकरी कोणी थापाव्या, शेतावर कोणी जावे? चौथ्या दिवशी वेळापत्रक भिंतीवर राहते आणि माउली डोक्याला हात लावून बसते. यात तिचा दोष आम्हांस दिसत नाही. चाळीस मुलांच्या एका वर्गासाठी केलेली मांडणी चार मुलांच्या चार वर्गांना लागू पडणार तरी कशी?

घरात शिकविण्याची रीत वेगळीच असते, आणि ती आपल्याकडे जुनी आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वृद्ध झाले होते, म्हणून आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकविले. तेही पहाटे, घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी आणि मुख्यतः तोंडी. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत भटकत राहिले, तरी शिक्षण थांबले नाही. तोंडी विद्येला ना फळा लागतो ना बाक. दुसरे उदाहरण गांधीजींचे. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर निरनिराळ्या वयांची, निरनिराळ्या धर्मांची आणि निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एकत्र होती. सकाळ शेतीच्या व घरच्या कामांत जाई; वर्ग दुपारच्या जेवणानंतर भरत, आणि पुस्तकी शिक्षणाला जास्तीत जास्त तीनच तासिका मिळत. हिंदी, तमिळ, गुजराती, उर्दू या चारही भाषा तेथे शिकविल्या जात. एवढ्या निरनिराळ्या मुलांना गांधीजी सांभाळू शकले, याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, सगळे काही सगळ्यांना शिकविण्याचा हट्ट त्यांनी धरला नव्हता.

आमचे म्हणणे इतकेच की, जे एकत्र शिकविता येते ते एकत्रच शिकवावे. जाम नदीचेच पाहा. तिचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला, तेथून प्राणहितेच्या वाटेने गोदावरीला आणि शेवटी समुद्राला मिळते. हा एकच पाठ चौघांना पुरतो. पहिलीतल्याने नदीचे चित्र काढावे, चौथीतल्याने चार ओळी लिहाव्या, सातवीतल्याने नकाशा काढून नद्यांची नावे भरावी, आणि नववीतलीने कपाशीच्या काळ्या जमिनीशी या खोऱ्याचा संबंध काय तो शोधावा. गोष्ट, मोठ्याने वाचन, पाठांतर, इतिहास, निसर्ग हे सर्व असेच चालते. गणित आणि प्रथम वाचन एवढे मात्र वेगळेच हवे, कारण तेथे पायरी चुकली की पुढचे सारे डळमळते. त्यासाठी प्रत्येकाला पंधरा मिनिटे पुरतात; तोवर इतरांनी शुद्धलेखन करावे. मोठ्यांचा धडा धाकट्यांच्या कानावर पडतो तोही वाया जात नाही. आमची मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे घरोघरी शाळेपूर्वीची मराठी धाकट्यांना अशीच ऐकून येते.

आईला अक्षरओळख नसेल तरी ती शिकवू शकते काय? आमच्या मते बरेच काही शिकवू शकते. मुलाने धडा वाचावा, तिने ऐकावा, आणि “आता मला तुझ्या शब्दांत सांग,” असे म्हणावे. ज्याला सांगता आले नाही त्याला तो समजला नाही, हे ओळखायला पदवी लागत नाही. आणि वेचणीच्या ऐन घाईत पाढे व एक पान वाचन एवढेच झाले, तरी त्या दिवसाचे पुष्कळ झाले असे धरावे.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली ते सांगतो. माउलीचा भार असह्य झाला की तो बहुधा हलका होत नाही, फक्त खांदा बदलतो. आणि तो खांदा थोरल्या मुलीचा असतो. मोठ्याने लहानास शिकविण्याची आपल्या गावशाळांतील प्रथा जुनी आहे. मद्रासेत अँड्र्यू बेल या पाद्रीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तीच रीत उचलली आणि पुढे ती इंग्लंडातील शाळांत पसरली. शिकविताना शिकविणाऱ्याचेही पक्के होते, हे खरे. परंतु हे अर्ध्या तासापुरते ठीक. धाकट्या तिघांच्या वह्यांत ताईचे अक्षर दिसते आणि ताईची स्वतःची वही कोरी, असे वर्गात पाहिले म्हणजे आम्ही तिला रागावत नाही. रागवावे तरी कोणत्या तोंडाने? पुढे दहावीला तिचे गुण घसरतात आणि घरचे म्हणतात, “हिला अभ्यासाची आवडच नाही.”

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, घरच्या वेळापत्रकात पहिला तास तिचा स्वतःचा लिहावा आणि मग उरलेल्या वेळेत बाकीच्यांना बसवावे. धाकट्यांना शिकविण्याची पाळी मुलग्यावरही यावी. तिच्या तासाला तिला चुलीपाशी हाक मारू नये. टॉल्स्टॉय फार्मवर स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची सारी कामे तेथे राहणारेच करीत. त्या अर्ध्या तासात सातवीतल्या मुलाने पीठ मळायला आमची तरी काही हरकत नाही.