शंभर गुण आणि नापास

सहामाहीच्या निकालात सातवीतल्या एका मुलीला गणितात शंभरपैकी शंभर गुण आणि समोर शेरा ‘नापास’. त्याच यादीत नऊ गुणांचा मुलगा ‘पास’. निकालाचं पान मीच बनवलेलं, जावास्क्रिप्टमध्ये, यूट्यूब पाहत पाहत. त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतं. बाकी वर्गाचा निकाल अगदी बरोबर होता, म्हणून तर दोन रात्री गेल्या.

चौकटीत टाइप केलेलं सगळं जावास्क्रिप्टला आधी मजकूर म्हणूनच मिळतं. मी मुलांचे गुण आणि पास होण्याचे ३५, दोन्ही चौकटींतूनच घेतले होते. दोन्हीकडे मजकूर असला की ही भाषा आकड्यांची तुलना करत नाही, लुगतीतल्या शब्दांसारखा क्रम लावते. पहिल्या अक्षरात फरक सापडला की पुढचं बघायचंच नाही. शंभरातला १ हा पस्तिसातल्या ३च्या आधी, म्हणून शंभर लहान. ९ हा ३च्या नंतर, म्हणून नऊ मोठे. दोन अंकी गुणांत हा क्रम आणि खरा क्रम जुळतो. म्हणजे चूक वर्गाच्या दोन टोकांनाच लागते, मधल्या बाकांना नाही.

दुरुस्ती एका शब्दाची: तुलनेआधी ‘नंबर’ लावायचं. लावलं, आणि मराठीच्या बाईंचा अख्खा वर्ग नापास! बाईंनी गुण देवनागरी आकड्यांत भरले होते. ते जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला वाचता येत नाहीत. ते ‘आकडा नाही’ असं ठरवतं आणि मग ‘३५ किंवा जास्त आहे का’ याचं उत्तर प्रत्येक वेळी ‘नाही’. पायथनला मात्र देवनागरी ३५ सहज आकडा म्हणून वाचता येतात. आपल्या लिपीची कुणीतरी आठवण ठेवली, बरं वाटलं.

सहकारी म्हणतात, सॉफ्टवेअरने सांभाळून घ्यायला हवं. मला उलट वाटतं. सांभाळून घेण्यातच हे सगळं झालं. मजकूर आणि आकडा यांत लहान कोण असं विचारलं तर पायथन ३ सरळ चूक दाखवून थांबतं. जावास्क्रिप्ट अंदाज करून उत्तर देतं. निकालासाठी मला थांबणारी भाषा हवी.

कारण तिसरी चूक कुणाच्याच लक्षात आली नसती. रिकाम्या चौकटीला ‘नंबर’ लावलं की शून्य मिळतं. टायफॉइडने घरी पडलेल्या मुलापुढे शून्य, नापास. शंभरवालीचे अब्बा दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर झाले. शून्याची विचारपूस करायला कोण येणार होतं?

आता चौकट रिकामी दिसली की पान पुढे सरकत नाही. ‘गैरहजर’ की ‘शून्य’, हे शिक्षकाने स्वतः लिहायचं. स्टाफरूममध्ये त्यावरून कुरकुर चालू आहे.