आधी प्रार्थना, मग काम

परवा नातीने सहज विचारलं, "आजी, तू रोज एवढा वेळ पूजा करतेस, पण उठल्यावर काय होतं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. आठवली ती चाळीस वर्षांपूर्वीची मिशन हॉस्पिटलमधली सकाळ.

सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं. त्या कडक सोवळ्याच्या, त्यामुळे "मला इथून हलवा" असा त्यांचा धोशा. रोज सकाळी वॉर्डच्या दाराशी सिस्टर्स जमत, एक मराठी गीत म्हणत, क्षणभर डोळे मिटत आणि कामाला लागत. त्यातलीच एक येऊन सासूबाईंचं बेडपॅन काढी, पाठ पुसून देई. मी तिला एकदा विचारलं, "किळस नाही येत?" ती म्हणाली, "येते की, बाई. म्हणून तर आधी प्रार्थना!"

हे वाक्य मला पुढे पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना उलगडलं. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या जोगिणी पाहिल्या. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. यहुदी ज्यांना हलके समजत, त्यांच्यातल्या एका बाईकडे येशूने पाणी मागितलं, ती गोष्ट. पाणवठ्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको! १८८३ साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांतच गेले होते. केडगावला त्यांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदनही काढलं.

धर्मांतरावरून तेव्हा वादळ उठलं. १८९३ मध्ये पालकांनी शारदासदनातून मुली काढून नेल्या. तो वाद आजही घालता येईल. चर्चमध्ये जाणारा प्रत्येक जण सेवा करतो, असंही नाही. पण माझं मत असं की नुसती दया दोन दिवसांत आटते. समोरचा माणूस आभार मानत नाही, उलट शिव्या देतो, तेव्हा तर लवकरच. ज्या उपासनेत देवच टाकलेल्या माणसापाशी जाऊन बसतो, ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याला तिथून तोंड फिरवणं अवघड जातं. सिस्टरची ती दोन मिनिटं म्हणजे आटलेल्या विहिरीला पुन्हा झरा लागणं.

निघताना सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ केली, ती गोष्ट निराळी!

असो. नातीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आमच्या जिन्याखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई आठवडाभर तापाने पडून आहेत. आज निरांजन शांत झाल्यावर पेज घेऊन खाली जाईन म्हणते.