कुंडाची खोली डोळ्यांनी मोजू नका

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीचा विषय निघतो. कोणी नदीचे किंवा धबधब्याचे नाव काढले की शिक्षक आणि पालक दोघेही नको म्हणतात. बाग बरी, देऊळ बरे. त्यांची काळजी खरी आहे, पण हा उपाय मला पटत नाही. शाळा नेत नाही म्हणून मुले जायची थोडीच थांबतात? ती उन्हाळ्यात मित्रांबरोबर जातात, आणि तेव्हा सोबत समजावून सांगणारे कोणी नसते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगेचे सहस्रकुंड आहे. अलीकडे उमरखेड तालुका, पलीकडे नांदेड जिल्हा. पावसाळ्यात तेथे गर्दी लोटते. मी घरच्यांना मुद्दाम जानेवारीत नेले. सकाळी लवकर निघून आर्णी, महागाव, उमरखेडमार्गे गेल्यास रात्री घरी परतता येते. पाणी ओसरले की नदीने कातळावर काय कोरले आहे ते उघडे पडते. हा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या खळग्यात गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि जात्यासारखे तळ व कडा घासत राहतात. गोटे झिजतात, पुरात नवे येतात, खळगा खोल होत जातो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कुकडी नदीवर निघोजची रांजणखळगी अशीच झाली आहेत. रांजण हा शब्द अगदी नेमका आहे: पोट मोठे, तोंड लहान, भिंत गुळगुळीत. आत पडलेल्याला धरायला काही नसते.

एका कुंडाचा तळ स्वच्छ दिसत होता. धाकटा म्हणाला, "बाबा, उतरू का? कमरेएवढंच तर आहे." मी दोघा मुलांना आपापला अंदाज वहीत लिहायला लावला. त्याने ३ फूट लिहिले, दहावीतल्या ताईने ४. मग दर फुटाला गाठ मारलेल्या सुतळीला दगड बांधून सोडला. सहावी गाठ भिजली.

विद्यार्थी मित्रांनो, यात डोळ्यांचा दोष नाही. तळाकडून येणारा किरण पाण्यातून हवेत येताना वाकतो आणि तळ वर उचलल्यासारखा दिसतो. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ असल्यामुळे अगदी वरून पाहिले तरी खोली पाऊणच भासते. १२ फूट पाणी ९ फूट वाटते. पण कुंडात कोणी वरून वाकून पाहतो का? आपण काठावर उभे राहून तिरपे पाहतो. डोळे पाण्यापासून ५ फूट उंच असतील आणि नजर सुमारे ९ फुटांवरच्या पाण्यावर पडत असेल, तर खोली जेमतेम निम्मी भासते. धाकट्याचे ३ फूट आले ते यामुळेच. ताईला हे सूत्र तोंडपाठ होते! वर्गात आपण वाटीतले नाणे आणि ग्लासातली वाकडी पेन्सिल दाखवून धडा संपवतो. ज्या प्रश्नावर जीव अवलंबून आहे, तो ना पुस्तकात येतो ना परीक्षेत.

म्हणून माझे म्हणणे असे, की नववी-दहावीचा वर्ग हिवाळ्यात अशा कातळावर न्यावा. प्रवाहापासून दूरचे, उथळ कुंड शिक्षकांनी आधी पाहून ठेवावे. अंदाज मुलांनी लिहावेत, सुतळी मोठ्यांनी सोडावी. 'धोका' लिहिलेली पाटी मुले वाचतात आणि विसरतात. स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेला चुकीचा आकडा सहज विसरला जात नाही.

धबधब्याच्या पायथ्याचे फेसाळ पाणी मात्र लांबूनच दाखवावे. त्यात हवा मिसळलेली असल्याने घनता कमी, म्हणून प्लावक बलही कमी. चांगला पोहणारासुद्धा तेथे खाली जातो. वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. तेथून पाणी सोडलेले असेल तर आभाळ निरभ्र असूनही नदी चढू शकते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावीच. सुतळीखेरीज एक जाड, लांब दोर बरोबर असावा. कोणी पडलेच तर मागोमाग उडी टाकू नये. काठावर पालथे झोपून दोर फेकावा. दोर नसेल तर काठी, साडी, ओढणी, जे हाताशी असेल ते.