भूल दिलेला ग्राहक

ग्राहक हा बाजारपेठेचा राजा होय, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके आजही शिकवितात. हा राजा भूल देऊन टेबलावर निजविला गेला म्हणजे त्याच्या राज्याचे काय होते, हे दक्षिण कोरियात दिसून आले आहे.

चेहऱ्याचा खालचा भाग निमुळता दिसावा म्हणून जबड्याचे कोपरे तासण्याची व हनुवटीचे हाड कापून अरुंद करण्याची शस्त्रक्रिया तेथे लोकप्रिय आहे. छेद तोंडाच्या आतून घेतला जात असल्याने व्रण दिसत नाही. तथापि याच हाडातून खालच्या ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू जातो. त्यास इजा झाली तर ओठ बधिर होतो. रक्तस्रावाचे भय वेगळेच.

२०१६ साली सोलमधील एका रुग्णालयात या शस्त्रक्रियेतील रक्तस्रावाने एका विद्यार्थ्याचा काही आठवड्यांनी अंत झाला. शल्यविशारद इतर शस्त्रक्रियांकडे वळले होते. रक्त थोपविण्याचे काम परिचारिकांच्या मदतनिसांवर सोपविले गेले होते. हे उजेडात आले ते मृताच्या आईने मिळविलेल्या, रुग्णालयाच्याच कॅमेऱ्यातील चित्रीकरणामुळे. पुढे रुग्णालयाच्या प्रमुखास तुरुंगवास घडला. संपूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होते तेथे कॅमेरे सक्तीचे करणारा कायदा २०२१ साली संमत होऊन सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला.

डॉक्टरांच्या संघटनेने त्यास विरोध केला. रुग्णाच्या खासगीपणाचा तिचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हे. परंतु या कायद्याचे खरे वैगुण्य निराळे आहे: रुग्णाने वा त्याच्या पालकाने मागणी केली तरच चित्रीकरण होते. ज्याच्या हाती मान द्यायची त्याच्यावरच अविश्वास दाखविण्याचे धैर्य कितीजणांना होईल?

वैद्यकसेवेत विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच मांडले. येथे तर एक शल्यविशारद दिवसात जितके जबडे हाताळील तितका नफा अधिक!

आपला वस्तू व सेवा कर वैद्यकीय उपचारांना माफी देतो. मात्र जन्मजात व्यंग वा अपघाती इजा नसता केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस ती नाकारतो. सरकारी तिजोरीला हा भेद कळतो. मग अशा शस्त्रक्रियेपूर्वी ती कोण करणार आणि अखेरपर्यंत हजर कोण राहणार, हे रुग्णास लेखी देण्याची सक्ती आपल्या सरकारने करावी. रुग्णाने ते मागण्याची वाट पाहू नये.