खांदा बसवला म्हणजे बरा झाला असं नाही!

मंडळी, कबड्डीचा हंगाम आला की आपल्या तालुक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खांदा उतरला होता, बसवून घेतला." पुढच्या रविवारी पोरगं पुन्हा मैदानात. मग तोच खांदा परत निखळतो.

कारण साधं आहे. खांद्याच्या खोबणीला कूर्चेची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. खांदा निखळताना ती बऱ्याचदा फाटते. खुब्यातही अशीच कड असते. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सहजी भरून येत नाही. मालिश करून तर नाहीच. फिजिओथेरपीनंही ती शिवली जात नाही, पण भोवतीचे स्नायू बळकट झाले की सांधा सावरतो, काहींचं ऑपरेशनही टळतं. आणि ऑपरेशन झालंच, तरी पुढे काही महिने व्यायाम चुकत नाही.

पण तो शिकवणार कोण? जिल्ह्याला जायचं तर एसटीचं भाडं, वर दिवसाची मजुरी बुडते. दोन फेऱ्यांत उपचार बंद! फिजिओथेरपिस्टसह आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये कायदा केला. कायदा दिल्लीत, खांदा गल्लीत.

माझं म्हणणं एवढंच : ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातले ठरलेले दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. आणि मंडळांनो, फ्लेक्सचा खर्च थोडा कमी करून जखमी खेळाडूच्या उपचाराला पैसे ठेवा. ट्रॉफी कपाटात राहते, खांदा मात्र जन्मभर वापरायचा असतो. पटतंय का? बोला.