हडपसरच्या मातीचा वाली कोण?

गेल्या पाव शतकात हडपसरची शेते इमारतींखाली गेली. परंतु पायातून निघालेली माती कोठे गेली, असा प्रश्न कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ही माती सामान्य नव्हे. इ. स. १८०२ च्या २५ ऑक्टोबरास, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा मोड केला तो याच परिसरात; आणि त्या पराभवाने पळालेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबरास वसईचा तह करून आपले स्वातंत्र्य इंग्रजांच्या दावणीस बांधले. त्याहून मागे जावे तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७६८ च्या, तळेगावास मिळालेल्या ताम्रपटात 'पुणक विषय' व थेऊर, उरुळी यांची जुनी नावे आढळतात. हडपसर सोडून सोलापूर रस्त्यास लागले की हीच गावे!

असले पुरावे बहुधा पंडितांना सापडत नाहीत. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, हे सांगणारा ताम्रपट पुण्यातील एका तांबटाच्या घरी होता. तो मोडीत घालणे त्यास काय अवघड होते? दायमाबादेस १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा व रेडा या साठ किलोंहून अधिक वजनाच्या धातुमूर्ती हाती लागल्या त्या झाडाचे मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याच्या.

'कळवले तर जप्ती व चौकशी' असे लोकांस वाटते. हे भय अगदी निराधार नाही, पण अपुऱ्या माहितीचे आहे. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा परक्यांनी केला खरा. तथापि दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्याचे कलेक्टरास लेखी कळवणाऱ्यास, दुसरा कोणी हक्कदार न निघाल्यास व आगाऊ करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा मिळतो व जमीनमालकास एक चतुर्थांश. दडवणाऱ्याचा मात्र वाटा बुडतो, शिवाय शिक्षा. कायद्याचे खरे वैगुण्य निराळेच आहे. सरकारास वस्तू हवी असल्यास केवळ धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. ताम्रपटाचे मोल तांब्याच्या भावाने! हे कलम बदललेच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसावे काय?

राजवाडे व मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले ते सरकारच्या हुकुमाने नव्हे. आणि हडपसरकरांस एकीचे धडे आम्ही काय द्यावे? मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक कुटुंबांनी चारशे एकरांवर जमीन एकत्र करून स्वतःचे नगर वसविले. त्यांस एक खोली व एक वही जड आहे काय? वस्तू कोणत्या जागी, किती खोल व कोणत्या तारखेस निघाली, एवढे त्या वहीत लिहावे, तेथेच छायाचित्र घ्यावे आणि डेक्कन कॉलेजास कळवावे. उत्साहाच्या भरात स्वतः कुदळ मात्र चालवू नये. वस्तू कोणत्या थरात होती हे एकदा गेले की ती मुकी होते.

मुकादम व भंगाराचे व्यापारी यांस या कामी प्रथम घ्यावे, कारण लोखंडी गोळा अखेर त्यांच्याच काट्यावर चढतो. पावसाळा सरताच पाये पुन्हा खणले जातील. वही त्यापूर्वी उघडली पाहिजे.