दहा दिवसांचा थांबा

आमच्या कोकणातल्या घरी एक बंदूक होती. ठासणीची. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून बाग राखण्यासाठी आजोबांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढला होता. बंदूक माळ्यावर घोंगडीत गुंडाळून ठेवलेली असे. दारू आणि छरे मात्र दुसऱ्याच ठिकाणी, आजीच्या लाकडी पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली आजीच्या कनवटीला. आजोबांना बार काढायचा तर आधी आजीकडे किल्ली मागावी लागे, आणि 'कशाला हवीय?' असे विचारल्याशिवाय ती किल्ली देत नसे. निवडणुका आल्या की आजोबा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करीत आणि पावती जपून ठेवीत. बंदुकीबाबतचे माझे शिक्षण एवढेच. पुढे १९९८ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ स्थिरावलो, आणि हा विषय डोक्यातून गेला तो गेलाच.

तो परत आला २०२१ च्या वसंतात. करोनाच्या साथीत, मार्च २०२० पासूनच, इथे बंदुकांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. आशियाई चेहऱ्याच्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या येत होत्या. त्यातच आमच्या गल्लीतल्या एकाचे गॅरेज फुटले. कचेरीतला एक मित्र मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. दीडशे फुटांवरच्या कागदाला मी पहिल्याच दिवशी भोक पाडले, आणि बावन्नाव्या वर्षी मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला. भीतीने दार उघडले आणि हौस आत शिरली. आपली स्वतःची एक रायफल हवी, असे मी ठरवून टाकले.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना लागतो. शस्त्र कशासाठी हवे ते अर्जदाराने सांगायचे आणि ते पटले की नाही, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. अमेरिकेत गणित उलटे. १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्कच ठरवला आहे. तुम्ही अपात्र आहात, हे सरकारने दाखवायचे. (तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला मात्र शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. नव्याने आलेल्या मराठी मुलांनी मित्राच्या उत्साहाला भुलण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.) शिवाय राज्याराज्यांचे कायदे वेगळे. शेजारच्या ॲरिझोनात तपासणीत नाव स्वच्छ निघाले की त्याच दिवशी रायफल घरी नेता येते. कॅलिफोर्निया हे या बाबतीत कडक सोवळ्यातले घर.

सुरुवात परीक्षेने झाली. बंदूक सुरक्षेचे प्रमाणपत्र हवे, ते २०१५ पासून रायफलीलाही लागू झाले आहे. तीस प्रश्न, त्यांतले तेवीस बरोबर यायला हवेत. मी रात्री पुस्तिका घेऊन बसलो तेव्हा आमची ही म्हणाली, "मुलाच्या दहावीला इतका अभ्यास घेतला नव्हतात." पास झालो. मग दुकानदारासमोर बंदूक रिकामी आहे की नाही ते पाहणे, ती उघडणे, कुलूप लावणे, हे सारे हाताने करून दाखवले.

खरी गंमत पुढेच होती. मला हवी होती एआर-१५ जातीची रायफल, मैदानावर मित्राकडे पाहिलेली. दुकानात ती होती, पण तिचे रूप काही निराळेच. पिस्तुलासारखी जी मूठ असते तिच्यामागे माशाच्या परासारखा प्लास्टिकचा पडदा बसवलेला, म्हणजे अंगठा मुठीभोवती वळू नये. मागेपुढे सरकणारा दस्ता खिळा ठोकून एकाच जागी पक्का केलेला. नळीच्या तोंडाशी ज्वाला झाकणारे टोपण असते, ते काढून धक्का कमी करणारे दुसरे लावलेले. काडतुसांची पेटी दहाच गोळ्यांची. हे सगळे दुकानदाराचे नखरे नव्हते, कायदा होता. काडतुसाची पेटी सहज काढता येणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीवर यांतले एक जरी अंग असेल तर ती 'हल्ल्याचे शस्त्र' ठरते. तो पडदा मी घरी स्क्रूड्रायव्हरने काढला, तर त्या मिनिटाला मी गुन्हेगार.

हा कायदा कुठून आला ते सांगितले पाहिजे, नाहीतर तो नुसता विक्षिप्त वाटेल. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर स्टॉकटन नावाचे शहर आहे. १७ जानेवारी १९८९ रोजी तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानात एका माणसाने रायफलीतून गोळ्यांचा पाऊस पाडला. पाच मुले गेली, तीसच्या वर माणसे जखमी झाली. ती पाचही मुले कंबोडिया आणि व्हिएतनाममधून युद्धाला कंटाळून आलेल्या निर्वासितांची होती. ज्या बंदुकीपासून आईबाप पळून आले, ती शाळेच्या मैदानात आडवी आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने देशातला असा पहिला बंदी कायदा केला. आधी नावांची यादी होती. कारखान्यांनी नावे बदलली, म्हणून १९९९ साली अंगांची यादी झाली. लोकांनी त्यातूनही वाट काढली. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत चौदा माणसे मारली गेली, आणि पुढच्या वर्षी ती वाटही बुजवली. कायदा आणि पळवाट यांची ही लंगडी तीस-पस्तीस वर्षे चालू आहे.

दुकानदार म्हातारा, बोलका होता. त्याने माझ्यापुढे दुसरी एक रायफल ठेवली, रुगर कंपनीची मिनी-१४. लाकडी दस्ता, साधी शेतकऱ्याची बंदूक वाटावी अशी. तिला ना पडदा, ना खिळा. तो म्हणाला, "गोळी तीच, वेगही जवळजवळ तोच, पेटीही अशीच निघते. फक्त ही दिसायला गरीब आहे." मी बघतच राहिलो. पिस्तुली मुठीने रायफल भराभर वळवता येते, असे कायदा करणाऱ्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण इतकी वर्षे, इतके कोर्टकज्जे आणि इतकी बुद्धी आपण मुठीच्या आकारावर खर्च केली, हे पाहून मला आपल्याकडची म्हण आठवली : चोर सोडून संन्याशाला फाशी.

तरीही मी घेतली ती एआरच. पैसे भरले, अर्ज भरला, आणि दुकानदाराने रायफल परत कपाटात ठेवली. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावे लागते. तपासणी दोन दिवसांत झाली तरी थांबायचे दहाच. मी मनातून चरफडलो. पण थांबण्याचाही उपयोग केला. मोजे-रुमाल मागवावेत तसे सुटे भाग मागवले, त्यांना कसली तपासणी नसते. हाताला बरा बसणारा दुसरा पडदा, माझ्या आखूड हातांना सोयीचा आखूड दस्ता, कातडी पट्टा, नेम धरायची दुर्बीण. रोज एक खोके येई आणि मी ते जेवणाच्या टेबलावर उघडून बसे.

सहाव्या दिवशी ही समोर येऊन बसली. इतके दिवस तिने थट्टेपलीकडे काही म्हटले नव्हते. हळू आवाजात म्हणाली, "चोराचं ठीक आहे हो. पण आपला मुलगा घरात आहे, त्याचं काय?"

मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. कॉलेज बंद पडल्यामुळे वर्षभर घरीच. दार लावून खोलीत असे. जेवायला हाक मारली तर ताट खोलीत नेई, कधी तसेच परत येई. 'वय आहे, साथीचे दिवस आहेत, होईल ठीक,' असे मी म्हणत होतो. अमेरिकेत बंदुकीने जी माणसे मरतात त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हाताने जातात, हे मी त्या परीक्षेच्या दिवसांतच वाचले होते. वाचले आणि पुढचे पान उलटले. ही आकडेवारी दुसऱ्यांच्या घरची असते, अशी आपली समजूत असते.

त्या रात्री मी त्याच्या दारावर टकटक केली. प्रश्न कसा विचारावा याची कुठल्याही पुस्तिकेत माहिती नव्हती. शेवटी सरळच विचारले, "मी रायफल घरात आणतोय. तिजोरीत, कुलपात असेल. तुला काय वाटतं?" तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, नका आणू. निदान आत्ता तरी नको."

मी पुढे काही विचारले नाही. शेजारी बसून राहिलो. थोड्या वेळाने तो आपणहून बोलायला लागला, आणि ते बोलणे पहाटेपर्यंत चालले. दोन दिवसांनी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो. दहा दिवस उलटले, मी दुकानात गेलो नाही. तीस दिवसांत माल उचलला नाही तर अर्ज रद्द होतो, तसा तो झाला. दुकानदाराने थोडे पैसे कापून बाकीचे परत केले. कारण विचारले नाही. बहुधा असा मी पहिलाच नसेन.

म्हणून आज कोणी मला विचारले की कडक कायदे हवेत की नकोत, तर माझे उत्तर सरळ आहे. माणसाला थांबवणारा कायदा हवा, लोखंडाचा आकार मोजणारा कायदा कमी चालेल. मुठीवरच्या पडद्याने माझ्या घरात काहीही फरक पडला नसता. फरक पडला तो दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांत आईला प्रश्न सुचायला वेळ मिळाला आणि बापाला तो ऐकायला. धोक्यात असलेल्या माणसाची बंदूक कुटुंबाच्या अर्जावरून न्यायालयाला काही काळ काढून घेता येते, ही २०१६ पासूनची तरतूदही मला याच जातीची वाटते. तीही माणसाकडे पाहते.

यावर आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. जिच्या दाराशी मारायला टपलेला नवरा उभा आहे, तिला दहा दिवस थांब म्हणणे क्रूरच आहे. अशा स्त्रीसाठी वाट असायला हवी. पण बहुतेकांच्या दाराशी असा वैरी उभा नसतो. असते ती भीती, हौस, एखादी वाईट रात्र. वाईट रात्र दहा दिवस टिकत नाही. आणि आतल्या खोलीतले कुलूप कोणत्याही सरकारला उघडता येत नाही, ते घरच्यांनीच ठोठावावे लागते. कायद्याला प्रत्येक घरात आजी बसवता येत नाही. त्याने दहा दिवस बसवले, इतकेच.

मुलगा सावरला. एक वर्ष उशिरा का होईना, शिक्षण संपवले, आता नोकरी करतो. २०२३ साली त्यानेच आठवण काढली, "बाबा, तुमची ती रायफल राहिली." मी पॉइंट टू-टूची एक साधी रायफल घेतली. तिलाही दहा दिवस लागले, या वेळी मी चरफडलो नाही. गंमत म्हणजे ही बारीक काडतुसांची जात त्या अंगांच्या यादीत येत नाही. तिला हवी तशी मूठ लावायची मोकळीक होती. मी लाकडी दस्ताच ठेवला. फक्त तो अर्धा इंच कापून घेतला, जुन्यातला कातडी पट्टा लावला, बस्स.

रायफल तिजोरीत असते, तिचा आकडा मला ठाऊक आहे. काडतुसे दुसऱ्या कपाटात आणि त्याची किल्ली हिच्याकडे. रविवारी सकाळी मैदानावर निघताना मी हात पुढे करतो. ठाऊक असूनही ती दर वेळी विचारतेच, "कशाला हवीय?"